पोटावरची पिशवी

दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध सद्गृहस्थांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. मूत्राशय काढणे अटळ होते. मग मूत्राला वाट कोठून द्यावयाची? मुलगा सल्ल्यासाठी आमच्याकडे आला. आम्ही फारसा विचार न करता म्हणालो, "बाहेर पिशवी नको; चारचौघांत कसे दिसेल?" ते उत्तर आज आम्हांस बोचते.

शल्यविशारदांनी तीन मार्ग सांगितले होते. पहिला अमेरिकेतील डॉ. युजीन ब्रिकर यांनी १९५० साली रूढ केलेला. लहान आतड्याचा १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करून त्यास मूत्रवाहिन्या जोडतात आणि त्याचे तोंड पोटावर आणतात. तेथून मूत्र सतत झिरपते, म्हणून पिशवी लावावी लागते. दुसऱ्यात आतड्याची थैली पोटातच शिवतात. पिशवी टळते, पण दर चार-सहा तासांनी पोटावरील छिद्रातून नळी घालून थैली रिकामी करावी लागते. तिसऱ्यात आतड्याचे नवे मूत्राशय करून ते मूळ मूत्रमार्गास जोडतात. बाहेर काहीच दिसत नाही. मात्र लघवीची पूर्वीसारखी जाणीव राहत नाही, रात्री गजर लावून उठावे लागते, अंथरूण भिजण्याचे भय असते, काहींना नळीही घालावी लागते. त्यासाठी मूत्रपिंडे सशक्त आणि मूत्रमार्ग रोगमुक्त हवा.

रुग्णाने पहिला मार्ग निवडला. म्हणाले, "फादर, रात्री उठायचं मला आहे, लोकांना नाही. माझे हात कापतात. नळी कोण घालणार?"

आम्ही त्यांच्या प्रतिष्ठेची काळजी वाहत होतो, त्यांच्या रात्रींची नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर ते मिस्सेला येईनात. पिशवी गळेल, वास येईल, ही भीती. आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी गेलो, तेव्हा त्यांनी सदरा वर करून पिशवी दाखविली. पाहताना आम्हांला थोमा आठवला. पुनरुत्थित प्रभूने त्याच्यापासून आपल्या जखमा लपविल्या नव्हत्या.

परतल्यावर आम्ही चर्चच्या शौचालयात एक खुंटी ठोकून घेतली, झाकणाची बादली व साबण ठेवला आणि तसा निरोप त्यांना धाडला. पुढच्या रविवारी ते आले. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. आता पिशवी रिकामी करावयास ते मध्येच उठतात, तेव्हा कोणी वळून पाहत नाही. आम्हीही नाही.