छातीतली सावली

छातीचा एक्स-रे फोनवर आला तेव्हा मी उंदरांच्या खोलीतून नुकतीच बाहेर पडले होते. टोपी काढली होती, हातमोजे अजून तसेच होते. पापनाशमहून मामेभावाने तो पाठवला होता. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा तीन आठवडे खोकत होता. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचा. फोटोत दोन फुप्फुसांच्या मधोमध, हृदयाच्या वर, रुंद पांढरी सावली पसरली होती. ती सावली मी ओळखली. तिचं कारण अर्ध्या तासापूर्वीच एका काळ्या उंदराच्या उघड्या छातीत पाहून आले होते.

मी भावाला एवढंच म्हटलं, "अण्णा, आजच चेन्नईला निघा. आणि वाटेत त्याला झोपवू नका, बसवूनच न्या."

चार दिवसांनी निदान आलं: टी पेशींचा तीव्र ल्युकेमिया.

मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेत मी हाच आजार उंदरांमध्ये पाहते. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पीटेन नावाचं एक जनुक असतं. ते सगळ्या शरीरातून काढून टाकलं तर पिल्लू जन्मालाच येत नाही. म्हणून फक्त टी पेशींत चालणारी एक जैविक कात्री वापरून ते तेवढ्याच पेशींतून कापतात. अशी पिल्लं जन्मतात, दूध पितात, भावंडांच्या अंगावर चढून झोपतात. दोन-तीन महिने काही कळत नाही. मग केस विस्कटतात, पाठीला बाक येतो, श्वास घेताना कुशी आत ओढल्या जातात. निरोगी उंदराचा थायमस म्हणजे हृदयावर टेकलेल्या दोन पांढुरक्या पाकळ्या. आजारी उंदराचा थायमस सगळी छाती व्यापतो आणि फुप्फुसांना जागाच उरत नाही.

थायमसला शाळेच्या पुस्तकात यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, कारण वयात आल्यावर ती आक्रसत जाते. ती कशासाठी असते हे ल्युकेमिया झालेल्या उंदरांमुळेच कळलं. लंडनमध्ये जॅक मिलर विषाणूमुळे होणाऱ्या उंदरांच्या ल्युकेमियावर काम करत होते. त्यासाठी त्यांनी नवजात पिल्लांचा थायमस काढला. ती पिल्लं खंगत गेली आणि साध्या साध्या संसर्गांनी मेली. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी या ग्रंथीत घडतात, हे १९६१ साली असं उलगडलं. टी पेशींतला 'टी' हा थायमसचा.

मुंबईत या कामाची वाट पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी पाडून दिली. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या या बाईंनी ल्युकेमिया, स्तनाचा कर्करोग आणि अन्ननलिकेचा कर्करोग प्राण्यांमध्ये अभ्यासण्याची सोय आपल्या देशात उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्याबद्दल वाचून मी या क्षेत्रात आले. पण इतकी वर्षं काम करूनही हा आजार माझ्यासाठी पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवरचा एक क्रमांकच होता.

आठ महिन्यांनी मी पापनाशमला गेले. कुंभकोणम सोडलं की तंजावूरच्या वाटेवर हे गाव लागतं, दोन्ही बाजूंना भातखाचरं. माझं आजोळ तंजावूरच्या मराठी राजवटीत इकडे स्थिरावलेल्या घरांपैकी. घरात अजून मराठी बोलतात, तमिळ वळणाची. भाचा मला आत्या न म्हणता अत्तै म्हणतो.

त्याच्या डोक्यावर नुकते मऊ केस उगवले होते. छातीतली सावली गेली होती. रोजची गोळी आणि महिन्यातून एकदा शिरेतून व्हिन्क्रिस्टीन, असा उपचाराचा लांबचा टप्पा सुरू होता. त्या औषधाने पायांच्या नसा दुखावल्या होत्या. चालताना पाऊल नीट उचललं जात नसे, चप्पल फरशीवर आपटे. मामी स्वयंपाकघरात असली तरी त्या आवाजावरून तो कुठे आहे हे तिला कळायचं.

परसात सदाफुलीचं झुडूप होतं. तिकडे तिला नित्यकल्याणी म्हणतात. आजी साखरेच्या विकारावर तिची पानं चावायची. मी भाच्याला झुडपापाशी नेलं आणि सांगितलं, तुझं औषध हिच्यातून निघतं. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी हिचा अर्क साखरेसाठी म्हणूनच उंदरांच्या मोठ्या जातभाईंवर, रॅटवर, करून पाहिला. साखर हलली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्याच सुमारास अमेरिकेत एका औषध कंपनीने ल्युकेमिया झालेल्या उंदरांना हिचा अर्क टोचला, तेव्हा ते जास्त जगले. त्यातून १९६३ साली व्हिन्क्रिस्टीन बाजारात आलं. तो फुलाकडे बराच वेळ बघत राहिला. तोडलं मात्र नाही.

संध्याकाळी आम्ही पालैवननाथराच्या देवळात गेलो. तोंडाला मास्क लावून, गर्दी ओसरल्यावर. तिथे नायक राजांच्या काळातलं विटांचं भलंमोठं गोल धान्यकोठार आहे. त्याच्या सावलीत बसलो. उंदरांपासून भात राखायचं म्हणजे काय, हे या मुलुखातल्या पोराला सांगावं लागत नाही. मामाच्या शेतात आजही बांबूच्या कमानीचे सापळे लावतात, तंजावूर किट्टी म्हणतात त्यांना. रात्री किट्टी लावायची, सकाळी मेलेले उंदीर गोळा करायचे. हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं.

"अत्तै, तुझे उंदीर बरे होतात का?"

"काही औषधाने थोडे जास्त दिवस जगतात. पण शेवटी आम्हीच त्यांना मारतो. आत काय झालं ते बघावं लागतं."

"आजार तूच देतेस?"

"हो. जन्माच्या आधीच."

खोटं बोलावं असं मला वाटलं नाही. ज्याने हा आजार सोसला त्याला खरं कळायचा हक्क होता. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग त्याने विचारलं, "त्यांना रात्री आडवं झोपता येतं का?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. वजन, पेशींची संख्या, प्लीहेचा आकार, किती दिवस जगला, सगळं माझ्या वहीत होतं. उंदीर जास्त करून रात्री जागे असतात, दिवसा झोपतात. मी तर त्यांना सकाळी दहा मिनिटं पिंजरा उचलून बघणारी. ते झोपतात कसे, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

परतल्यावर मी दुपारचा एक तास पिंजऱ्यांसमोर बसू लागले. निरोगी उंदीर कापसात अंग मुडपून, एकमेकांना बिलगून झोपतात. ज्यांचा थायमस वाढत होता ते वेगळे, जाळीला टेकून, मान वर करून बसत. श्वास जड झालेला सकाळी डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून.

उंदराला धाप लागली की प्रयोग थांबवायचा, हा आमचा नियम होता आणि तो मंजूरही होता. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेत नीतिसमिती असते, तिच्याकडे मी बदलाचा अर्ज केला. आता शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन दर आठवड्याला पेशी मोजतो, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की धाप लागायची वाट न पाहता तिथेच थांबतो. माझ्या प्रश्नांची उत्तरं त्या रक्तातही मिळतात. मारावं लागतंच, ते टळलेलं नाही. माझा भाचा जगला त्यात अशा कितीतरी उंदरांचा वाटा आहे, म्हणून हे काम मी सोडणार नाही.

उपचार संपल्याला आता तीन वर्षं झाली. त्याची चप्पल वाजत नाही. माझ्या वहीत 'श्वास जड' हा शेरा हल्ली महिनोन्महिने येत नाही. गेल्या खेपेला मी ती वही पापनाशमला घेऊन गेले आणि त्याला दाखवली.