रिकामी खोली

मुलांनो, एक गणित घ्या. घाबरू नका, पाढे म्हणायला लावणार नाही. एका लॉजमध्ये दहा खोल्या आहेत. एका खोलीचं एका रात्रीचं भाडं २००० रुपये. खोली कुणाला दिली की चादरी धुवायच्या, झाडलोट करायची, साबण ठेवायचा, दिवे-पंखा-गरम पाणी आलंच. त्याला ३०० रुपये खर्च येतो. रात्रीचे नऊ वाजलेत आणि चार खोल्या रिकाम्या आहेत. एवढ्यात एक प्रवासी येतो नि म्हणतो, "१२०० ला देता का?" मालकाने काय करावं?

माझ्या चौथीच्या वर्गात हे गणित फळ्यावर लिहिलं तेव्हा निम्मी मुलं ओरडली, "बाई, ८०० रुपयांचा तोटा!" मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "पण दिलीच नाही तर काहीच मिळणार नाही. दिली तर ९०० सुटतील."

शाबास! तिने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. तांदळाचं पोतं आज खपलं नाही तर उद्या विकता येतं. पण खोलीची आजची रात्र उद्या विकता येत नाही. सकाळ झाली की ती गेली ती गेलीच. म्हणून रिकाम्या खोल्या बऱ्याच असतील तर रात्र चढते तसा भाव उतरतो. आणि याच्या उलटही होतं बरं का! एकच खोली उरली नि दारात पाच कुटुंबं उभी असली, तर तोच भाव वर चढतो.

ही युक्ती संगणकाच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर वापरली ती विमान कंपन्यांनी. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९८५ साली आधीपासून तिकीट काढणाऱ्यांसाठी स्वस्त जागा ठेवल्या आणि ऐन वेळी येणाऱ्यांसाठी महाग. पुढे मोठमोठ्या हॉटेलांनी ती विद्या उचलली. आपल्याकडे ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो या गाड्यांना असाच चढता भाव लागू झाला. दर दहा टक्के जागा भरल्या की पुढच्या जागांचं मूळ भाडं दहा टक्क्यांनी वाढायचं. आपली एस.टी. बिचारी साधी. तिच्यात तेव्हा शेवटची जागासुद्धा पहिल्या जागेच्याच भावाने मिळायची!

हे सगळं मी नुसतं वाचलं असतं तर विसरून गेले असते. पण २०२३ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही कराडहून गाडी काढून कोकणात गेलो, आणि तीन रात्रींत हे गणित तीन तऱ्हांनी सोडवावं लागलं.

निघायच्या आधी घरात दोन पक्ष पडले. मुलांच्या बाबांचं म्हणणं, "आधीपासून खोल्या कशाला अडकवायच्या? संध्याकाळी फोनवर बघू. ऐन वेळी स्वस्तात मिळतात." सातवीतला आमचा मुलगा लगेच त्यांच्या पक्षात गेला. तिसरीतल्या मुलीला फक्त समुद्र हवा होता. सासूबाई म्हणाल्या, "माझे गुडघे हे असे. मला तळमजल्याची खोली लागणार, कमोड लागणार. माझ्यापायी तुम्हाला महागाची खोली घ्यावी लागेल. तुम्ही चौघं जा, मी घर सांभाळते."

त्यांना गणपतीपुळ्याचं दर्शन घ्यायची किती वर्षांची इच्छा होती, ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "आई, तुम्ही नसाल तर गाडी कराडच्या बाहेर जाणार नाही." मग तडजोड झाली. पहिली रात्र शनिवारची, ती आधी ठरवायची. पुढच्या दोन रात्री मोकळ्या ठेवायच्या.

शनिवारी, १८ नोव्हेंबरला, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असं करत आम्ही गणपतीपुळ्याला पोचलो. बारा दिवस आधी ठरवलेली खोली २४०० रुपयांना होती. रात्री खाली पाणी आणायला गेले, तर एक जोडपं लॉजच्या टेबलाशी उभं. बाईंच्या खांद्यावर बाळ झोपलेलं. शेवटच्या एका खोलीचे ३८०० सांगितले गेले. ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले नि मग काही न बोलता गाडीत बसून रत्नागिरीच्या दिशेने निघून गेले. माझ्या मुलाने हे पाहिलं. "आई, खोली तर आपल्यासारखीच आहे ना?" "खोली तीच आहे रे," मी म्हटलं, "वार शनिवार आहे. दिवाळीची सुटी आहे. आणि त्यांच्याबरोबर झोपलेलं बाळ आहे, हे सगळ्यांना दिसतंय."

सकाळी सासूबाईंचं दर्शन निवांत झालं. तिथे प्रदक्षिणा देवळाला नसते, देवळामागच्या अख्ख्या डोंगराला असते. ती काही त्यांना झेपणारी नव्हती. त्या पायरीवर बसून समुद्राकडे बघत राहिल्या आणि मुलांना म्हणाल्या, "माझी प्रदक्षिणा तुम्ही घाला."

त्या दिवशी रविवार. तारीख १९ नोव्हेंबर. क्रिकेटवेड्यांना ही तारीख सांगायला नको! अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. सुटीला आलेली माणसं भराभर घरी परतत होती. आम्ही मुंबई-गोवा महामार्गाने उलट मालवणकडे चाललो होतो. कणकवलीला चहाला थांबलो तेव्हा भारताचा डाव २४० धावांवर आटोपला होता आणि टपरीवर सगळ्यांचे चेहरे उतरले होते. आमच्या मुलाचा चेहरा मात्र फुलला. फोनवर मालवणच्या खोल्यांचे भाव धडाधड उतरत होते.

"बाबा, ही बघा १२०० ला! आणि दुसरी १८०० ला. सरळ ६०० रुपये वाचतात." दुसरी म्हणजे तारकर्लीच्या वाटेवर एका घराशेजारी बांधलेल्या दोन-तीन खोल्या होत्या.

मी १२०० वाल्यांना फोन लावला. "दादा, खोली कितव्या मजल्यावर?" "दुसऱ्या. लिफ्ट नाही ताई. पायऱ्या असतील चाळीसेक. कमोड नाही."

गाडीत शांतता. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "मी चढेन हळूहळू. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

त्या असं म्हणणार हे मला माहीत होतं. म्हणूनच त्यांना विचारून चालणार नव्हतं. मुलांच्या बाबांनी एकदा आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, गाडी चालू केली आणि म्हणाले, "१८०० वाली."

कसालला वळून अंधार पडल्यावर आम्ही तिथे पोचलो. अंगणात तुळस, पडवीत टीव्ही, टीव्हीसमोर सगळं घर. एक काकू उठून बाहेर आल्या. खोली तळमजल्यावर, स्वच्छ. आमच्या मुलाने लगेच पुढे होऊन हुशारी दाखवली. "काकू, मोबाइलवर गावात १२०० ला खोली आहे. तुम्ही पण १२०० लावा ना."

काकूंनी जरा विचार केला. "गर्दी आज सगळी गेली बाळा. खोली रिकामीच रवतली. बरं, दे १२००."

मुलाने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात काठी टेकत सासूबाई पुढे आल्या. मुलांनो, आमच्या सासूबाईंनी वीस-बावीस वर्षं आठवडी बाजारात भाजी विकली आहे. त्या त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दिवस मावळला की पाटीत उरलेली मेथी मी कितीदा पडेल भावानं दिली असेल. गिऱ्हाईक पाटीकडं बघत नाही रे, आभाळाकडं बघतं. अंधार पडला, आता बाईला घरी जायचंय, हे त्याला कळतं. मी द्यायची, कारण मेथी उद्या पिवळी पडणार. पण जे गिऱ्हाईक तेव्हाही सारखा भाव द्यायचं, ते मला अजून आठवतं. भाव कर. पण तिला नाही म्हणता येत नाही म्हणून पाडू नकोस."

मुलगा गप्प झाला. मग मीच काकूंना विचारलं, "फोनवर १८०० दिसतात, त्यातले तुमच्या हाती किती येतात?" त्या म्हणाल्या, "शंभरातले वीस कंपनीचे."

आता वही काढा. १८०० चे २० टक्के म्हणजे ३६०. काकूंच्या हाती उरतात १४४०. आम्ही म्हटलं, "आम्ही तुम्हालाच १६०० देतो." आमचे २०० वाचले आणि काकूंना १६० जास्त मिळाले. दोन्ही मिळून ३६०! हे कोडं मुलाने स्वतः कागदावर सोडवलं, तेव्हा त्याला १२०० पेक्षा १६०० चा आनंद जास्त झाला. काकूंनी जादा दोन गाद्यांचे पैसे घेतले नाहीत आणि सकाळी आजींसाठी बंब पेटवून पाणी तापवून दिलं.

एक सांगायला हवं. कंपनीचा वाटा काही अगदी फुकटचा नसतो. खोली लोकांना दाखवायची, पैसे सांभाळायचे, गडबड झाली तर परत करायचे, हे काम ती करते. थेट मालकाशी ठरवलं की ती हमी मिळत नाही. म्हणून खोली डोळ्यांनी पाहावी, पावती घ्यावी, मगच पैसे द्यावेत.

रात्री सामना हरला. पडवीतली माणसं नि आम्ही, सगळे एकत्रच गप्प बसून जेवलो.

सोमवारी मुलं बाबांबरोबर होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहून आली. मी आणि सासूबाई धक्क्यावर बसलो. दुपारी आंबोलीमार्गे कोल्हापूरला निघालो. मंगळवारी सकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन घरी जायचं होतं. वाटेत फोनवर ८०० रुपयांची तळमजल्याची खोली दिसली. मुलाचं बोट 'पैसे भरा' वर जाणार, तोच धाकटी म्हणाली, "दादा, आधी फोन करायचा असतो. आईने केला होता." केला. पलीकडून उत्तर आलं, "खोल्या दुपारीच भरल्या. फोनवर अजून दिसतेय होय?" आम्ही दोन ठिकाणी आणखी विचारलं आणि ११०० रुपयांत, गाडी दारापर्यंत जाईल अशी खोली मिळाली. आठशेची खोली हुकल्याचं दुःख कुणालाच झालं नाही, कारण ती खोली मुळात नव्हतीच!

तर मुलांनो, आता तुम्ही सहलीला निघाल तेव्हा खोली शोधण्याचं काम आई-बाबा तुमच्याकडे देतीलच. फोन तुम्हालाच जास्त कळतो ना! तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. शनिवार-रविवार, लागून आलेल्या सुट्या, जत्रा असेल तर खोली आधी ठरवा. तेव्हा थांबणाऱ्याला भाव उतरलेला नाही, चढलेला मिळतो. रविवारची रात्र आणि मधले वार असतील तर थांबून बघायला हरकत नाही. मात्र अंधार पडायच्या आत पाहणी करा. फोनवरच्या आकड्यात कर धरलाय का ते बघा. आम्ही गेलो तेव्हा साध्या खोलीवर १२ टक्के जी.एस.टी. होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के झाला आहे. पाच माणसांना जादा गादीचे किती, ते विचारा. मोठ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. आणि पैसे भरण्याआधी एक फोन कराच.

पण खरी गोष्ट या यादीत बसत नाही. सगळ्यात स्वस्त खोली कुणाला मिळते? ज्याला ती नाही मिळाली तरी चालतं त्याला. ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याच्या खांद्यावर बाळ नाही, जो 'बरं, पुढच्या गावात बघू' म्हणू शकतो त्याला. ज्याला थांबता येत नाही, त्याला जास्त मोजावे लागतात. मग तो टेबलाच्या या बाजूचा प्रवासी असो, नाहीतर त्या बाजूची रिकाम्या खोलीची मालकीण.

घरी आल्यावर मुलाने सहलीचा हिशोब वहीत लिहिला. मालवणच्या खोलीपुढे त्याने लिहिलं : '१२०० ऐवजी १६००. आजीसाठी ४०० जास्त.' सासूबाईंना वाचता येतं, हे तो विसरला होता. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली नि तोंड बारीक केलं. मी त्याला म्हटलं, "बाळा, हिशोब पुन्हा तपास. ती खोली पाच जणांची होती. आजीला सोडून चौघांची खोली आपण शोधलीच नव्हती."

त्याने थोडा वेळ विचार केला, 'आजीसाठी' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं : 'आपल्यासाठी.'

बेरीज तीच राहिली. हिशोब आता बरोबर होता.