बिल नाही म्हणून किंमत नाही?



ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. आमच्या वस्तीने आधी म्हातारी माणसं आणि लेकरं हलवली, मग कागदपत्रं, मग भांडीकुंडी. साउंडचा सेट मागे राहिला. बेसची चार खोकी, दोन टॉप, दोन ॲम्प्लिफायर, एक सेकंडहँड मिक्सर. एकेक खोकं उचलायला दोन माणसं लागतात, आणि तेवढी माणसं त्या रात्री मोकळी नव्हती. पाणी ओसरल्यावर खोली उघडली तर प्लायवूड फुगून पापुद्रे सुटलेले, कोनच्या कागदाचा लगदा, ट्रान्सफॉर्मरमध्ये चिखल.

हा सेट आम्ही विकत आणलेला नव्हता, २०१४ साली स्वतः बनवला होता. दर १४ एप्रिलला डॉल्बीवाल्याला भाडं मोजून आम्ही कंटाळलो होतो. शिवाय त्याच्या सेटवर नुसता बेस दणाणायचा. वामनदादा कर्डकांचं गाणं वाजवायचं आणि शब्दच ऐकू येऊ नयेत, याला काय अर्थ? आमच्यातल्या आयटीआय झालेल्या भावाने ५२०० आणि १९४३ या ट्रान्झिस्टरच्या जोड्या लावून ॲम्प्लिफायर बांधले, ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळला. फर्निचरच्या कामावर जाणाऱ्या मामांनी १८ मिमी प्लायची खोकी केली. कोन आणि बाकीचे सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले. तीन महिने रोज रात्री काम चाललं होतं. आवाज असा झाला की शेजारच्या गावातून सुपारी यायला लागली. मग एका भावाच्या नावावर साउंड सर्व्हिससाठी छोटं कर्ज काढलं, आणि कर्जासोबत बँकेने १ लाखाचा विमाही उतरवून घेतला. आगीच्या पॉलिसीत पूर धरलेला होता, एवढंच आम्हाला माहीत होतं.

सर्व्हेअर आले. माणूस वाईट नव्हता, चिखलात बसून त्यांनी सगळं पाहिलं. मग विचारलं, "कंपनी कोणती?"

"साहेब, आम्हीच बनवलंय."

"म्हणजे असेंबल्ड. बिल?"

बिल फक्त चार कोनचं होतं, ३०,००० रुपयांचं. बाकी काही नाही. काही दिवसांनी पत्र आलं. त्यातला हिशोब नीट वाचा, कारण असंच पत्र उद्या तुम्हालाही येऊ शकतं. बिल ३०,०००. पाच वर्षांचा घसारा ४० टक्के, उरले १८,०००. भंगाराचे २,००० वजा, उरले १६,०००. पुढे सरासरीची अट. ही अट सांगते की वस्तू २ लाखांची असेल आणि विमा १ लाखाचाच असेल, तर नुकसानीचा निम्मा भाग तुम्ही सोसायचा. आमच्यासारखा सेट नामांकित कंपनीचा घेतला तर २ लाखांना पडेल, असं त्यांनी धरलं. म्हणून ८,०००. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत पहिले किमान १०,००० विमाधारकाचे. म्हणजे देय रक्कम काही नाही.

नुकसान मोजताना आमचा सेट बिनबिलाचं भंगार, आणि विमा कमी होता हे दाखवताना तोच सेट ब्रँडेड! मामांनी पत्र वाचून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "माझी मजुरी कुठंय ह्यात?"

कुठेच नव्हती. तीन महिन्यांच्या रात्री, ट्रान्सफॉर्मरचे वेढे मोजणं, आवाज जुळवणं, सगळं शून्य. ही शून्याची सवय आपल्या लोकांच्या कामाला नवी नाही. महारवतनात काम ठरलेलं होतं, पण कामाचा दर कधीच ठरला नाही. हाकेला धावायचं, आणि मोबदला म्हणून बलुतं, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. काम ठरवता तर त्याचा मोबदलाही ठरवा. सर्व्हेअरसाहेबांनी आमची जात विचारली नाही, आणि आम्ही त्यांच्यावर तसा आरोपही करत नाही. पण छापील बिल हीच किंमत मानणारी व्यवस्था हाताने काम करणाऱ्याला आपोआप शून्य करते, आणि या देशात हाताने काम करणारा कोण आहे हे सांगायला नको.

आता आमची चूकही सांगतो. चळवळीचं सामान आहे, त्याचा काय हिशोब ठेवायचा, अशी आमचीच भाषा होती. वर्गणीचा पैसान् पैसा लिहिला, पण मामांच्या रात्री लिहिल्या नाहीत. म्हणजे ज्याला कंपनीने शून्य धरलं, त्याला आधी आम्हीच शून्य धरलं होतं.

मग कामाला लागलो. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने जुन्या वहीतून सुट्या भागांच्या बिलांच्या नकला काढून दिल्या. साउंडची खोकी आणि अँप बनवणाऱ्या दोन कारागिरांकडून लेखी दरपत्रकं घेतली, की हाच सेट मजुरीसकट पुन्हा बनवायला किती लागतील. कमीत कमी आकडा आला १,०५,०००. जयंतीच्या मिरवणुकीतले फोटो जोडले. आणि कंपनीला लिहिलं की एका वस्तूला एकच मापटं लावा. पुन्हा बनवण्याचा खर्च १,०५,०००, घसारा वजा जाता बाजारमूल्य ६३,०००. विमा १ लाखाचा, म्हणजे कमी विम्याचा प्रश्नच उरत नाही. चार महिने पत्रं चालली. शेवटी भंगाराचे २,००० आणि ते १०,००० कापून ५१,००० मिळाले. नाही म्हटले असते तर विमा लोकपालाकडे जायची तयारी होती. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तक्रारीला फी नाही, फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं.

तुमच्या गायन पार्टीचा, मंडळाचा सेट घरचा असेल तर विमा घेतानाच प्रस्तावात तसं स्पष्ट लिहा. लपवलं तर तेच कारण पुढे करून दावा नाकारतील. नवं बनवायला लागणारा खर्च मजुरीसकट मांडा, शक्य असेल तर चार्टर्ड इंजिनिअरचं मूल्यांकन प्रमाणपत्र घ्या. आकडा फुगवू नका, विमा नुकसान भरून देतो, नफा देत नाही. आणि एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. आगीची पॉलिसी त्यात लिहिलेल्या पत्त्यावरच चालते. सेट टेम्पोत चढला, मिरवणुकीत निघाला की संरक्षण संपलं. त्यासाठी वेगळं कलम किंवा वेगळी पॉलिसी लागते. दंगल आणि मुद्दाम केलेली मोडतोड त्यात आहे का, तेही विचारा. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला गाड्या जळाल्या, त्या आपण पाहिल्या आहेत.

दुसरा सेट सुरू केला तेव्हा पहिल्या दिवशी वही घातली. कोन, प्लाय, तांब्याची तार, आणि कोणी किती तास काम केलं. वही मामांकडे असते. परवा पाहिलं तर त्यांनी सगळ्यांचे तास लिहिले होते आणि स्वतःचा रकाना कोरा सोडला होता. समोर बसवून भरून घेतला.