माळेसकट आत्या

आत्याच्या दहाव्याला बरीच माणसं बोलली. कुणी सांगितलं, आमच्या आळीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. कुणी तिने पोहोचवलेल्या क्षयाच्या गोळ्यांची आठवण काढली. शेवटी एक शिकलेले पाहुणे उठले आणि म्हणाले, "त्यांनी देव देवळात शोधला नाही, माणसांत शोधला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते वाक्य खटकलं आणि अजून खटकतं. आत्याने देव देवळातही शोधला होता, रोज शोधला होता. गळ्यातली तुळशीची माळ, पंधरा दिवसांची एकादशी, संध्याकाळचा हरिपाठ हे सगळं बाजूला काढून जी आत्या उरते, ती मी कधी पाहिलेली नाही.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. जामखेड तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात दिलेली. पावसाचा भरवसा नाही, दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला. याच तालुक्यात खर्ड्यावरून एकनाथ महाराजांची पालखी पैठणहून पंढरपूरला जाते. आत्याला घरातूनच माळ होती. सासरही माळकरी मिळालं, पण नवरा लवकर गेला आणि पदरात दोन मुलं राहिली. अक्षरओळख नव्हती. नाथांचं आणि तुकोबांचं जे काही येत होतं, ते कानावाटे आलेलं.

1970 मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेले हे डॉक्टर शहरात दवाखाना थाटू शकले असते. ते आले या दुष्काळी मुलखात. त्या काळी इथे जन्मलेल्या हजार बाळांमागे 176 बाळं वर्षाच्या आत जात, अशी त्यांच्या प्रकल्पाची नोंद आहे. बहुतेक मरणं हगवण, धनुर्वात, गोवर, उपासमार अशा कारणांची. त्यासाठी मोठ्या शस्त्रक्रियेची गरज नव्हती. गावात कुणीतरी जाणतं माणूस हवं होतं. म्हणून आरोळ्यांनी गावागावाला सांगितलं, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या, तिला आम्ही शिकवतो. आत्याच्या गावात भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांनी तिचं नाव पुढे केलं. कारण एवढंच की ती खोटं बोलत नाही आणि पहाटे उठते. मला ही पारख फार मोलाची वाटते.

जामखेडच्या प्रशिक्षणात सगळ्या जातींच्या बाया एका पंगतीत जेवत, एका खोलीत निजत. आत्याला ते जड गेलं. सोवळंओवळं तिच्या हाडात होतं. पहिल्या वेळी तिने ताट जरा बाजूला सरकवलं, तांब्याही वेगळा ठेवला. कुणी काही बोललं नाही. रात्री दिवा घालवल्यावर पलीकडच्या गावच्या एका दलित बाईने चोखोबांचा अभंग धरला. आत्याला तो पाठ होता, ती मागे म्हणू लागली. म्हणता म्हणता थांबली. पुढे हे सांगताना तिचा आवाज खाली यायचा. "रात्री चोखोबा म्हणायचा अन् दुपारी ताट सरकवायचं. मलाच माझी लाज वाटली." सकाळी ती त्याच बाईशेजारी जाऊन बसली. त्या दोघींची मैत्री शेवटपर्यंत टिकली. तिला आडवी आली ती रूढी आणि त्या रूढीतून तिला बाहेर काढलं भक्तीनेच. हे माझ्या सुधारक मित्रांना सांगावंसं वाटतं.

आरोळे दांपत्य ख्रिस्ती, प्रार्थना करणारं. आत्याला त्याचं अप्रूप नव्हतं, अडचणही नव्हती. "त्यांचा देव त्यांना उठवतो, माझा मला," एवढ्यात विषय संपायचा.

तिचं काम मी जवळून पाहिलं ते एका उन्हाळ्यात. शेजारच्या वस्तीवरचं सहा-सात महिन्यांचं पोर दोन दिवस हगवणीने गळालं होतं. आजीने पाणी तोडलेलं. पाणी दिलं की जुलाब वाढतो हा जुना समज. आत्याने पोराच्या टाळूवरून हात फिरवला, टाळू आत गेली होती. मग पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती चटकन सपाट झाली नाही, वळी तशीच उभी राहिली. आत्या काही न बोलता चुलीशी गेली. उकळून गार केलेलं पाणी, त्यात साखर, चिमटीने मीठ. स्वतः चाखलं आणि आईला चाखवलं. "डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर टाकून द्यायचं अन् नवं करायचं." मग चमच्याने, एकेक घोट. पोराने ओकलं की थोडं थांबायचं, पुन्हा चमचा. आजी कुरकुरत होती तेव्हा आत्याने तिला नाथांची गोष्ट सांगितली: काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड नाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. "नाथांनी गाढवाला पाणी पाजलं, अन् तू नातवाचं तोडतीस?" आजीने मुकाट्याने दुसरा चमचा आणला. दिवेलागणीला पोराला लघवी झाली तेव्हा आत्या उठली आणि पाय धुऊन हरिपाठाला गेली.

ही गोष्ट तिने त्या वस्तीवर आणि आणखी किती चुलींपुढे सांगितली असेल, कोण जाणे. प्रशिक्षणात मीठ-साखरेचं प्रमाण शिकवलं होतं. ते आजीच्या गळी उतरवायला नाथच लागले.

ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायांसाठी तिने स्वतःची रीत बसवली होती. गाड्या निघायच्या आधी ती प्रत्येक कोयत्याच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याच्या, घरी जायची. पोट दिसत असेल त्या बाईच्या हाती एक पुरचुंडी ठेवायची: कोरं ब्लेड, उकळून वाळवलेला दोरा, साबणाची वडी, धुतलेलं फडकं. कारखान्याच्या फडावर कोपीत बाळंत व्हायची वेळ आली तर नाळ विळ्याने कापू नये, वर शेण लावू नये. धनुर्वात तिथूनच शिरतो, हे ती त्या बाईच्या सासूला आणि नवऱ्यालाही बजावून सांगायची.

आषाढीची वारी तिने सहसा चुकवली नाही. "तुझं कामच तुझी वारी" असं आम्ही भाचरं म्हणायचो. तिला ते मुळीच आवडत नसे. "काम हे काम हाय. वारी ती वारी. मला फसवू नका." पालखी खर्ड्यात यायच्या महिनाभर आधीपासून तिची तयारी चाले. कुणाचे दिवस भरत आलेत, कुणाच्या गोळ्या संपतील, कोणतं बाळ वजनाने मागे आहे, हे ती शेजारच्या गावच्या कार्यकर्तीला बोटं मोजून सांगायची. अवघड बाळंतपणाची शंका असेल त्या बाईला आधीच जामखेडच्या दवाखान्यात पोहोचवायची. मग पिशवी खांद्याला अडकवून निघायची.

आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातले लोक जामखेडला शिकायला येऊ लागले, आत्यासारख्या बायांसमोर बसून प्रश्न विचारू लागले. पंचवीसेक वर्षांत बालमृत्यूचा तो आकडा तिशीच्या खाली आला होता. पाहुणे विचारत: लस कशी देता, वजन कसं करता, लोक ऐकतात का. माळेबद्दल कुणी विचारल्याचं आत्याला आठवत नव्हतं.

आणि माझ्या मते तिथेच खरी गोष्ट सुटून जाते. उत्साहाने काम सुरू करणारे मी पुष्कळ पाहिले. दोन-चार वर्षांत मानधन परवडत नाही, गावकी त्रास देते, कुणी आभार मानत नाही, मग माणूस विझतो. आत्यालाही मानधन नावालाच होतं. गावातल्या एका पुढाऱ्याने तिला वर्षभर वाळीत टाकल्यासारखं वागवलं. तरी तिची पहाटेची फेरी चुकली नाही. कंटाळा आला म्हणून एकादशी सोडायची नसते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तीच शिस्त तिने क्षयरोग्याच्या गोळ्यांना लावली. फळ मिळो न मिळो, नेम चालवायचा. हे बळ तिला कोणत्याही प्रशिक्षणाने दिलं नव्हतं, देऊही शकलं नसतं.

आज गावोगाव आशाताई हेच काम करतात, तुटपुंज्या मोबदल्यावर. त्यातल्या अनेकींच्या गळ्यात माळ असेल, कुणाच्या गळ्यात क्रूस, कुणाच्या घरी बुद्धवंदना होत असेल, कुणी नमाज पढत असेल. त्यांच्या मोबदल्यासाठी आपण बोललंच पाहिजे. पण कधी त्यांच्या ओसरीवर बसायची वेळ आली तर किती घरं फिरता एवढंच विचारून उठू नका. सकाळी उठल्यावर कुणाचं नाव घेता, तेही विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.