बुर्जी

सांगलीस जाणारा मनुष्य बहुधा गणपतीच्या दर्शनास, हळदीच्या व्यापारास किंवा एकाद्या लग्नकार्यास जातो. नाटकाचा शोकी असेल तर १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं जेथें मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तें गांव पाहावें म्हणून जातो. आम्ही गेल्या मार्गशीर्षांत तेथें गेलों तें मात्र वडिलांचा बुद्धिबळाचा पट खाकोटीस मारून, आणि त्याला कोणी खेळणारा मिळतो कीं काय हें पाहण्यासाठीं.

त्याचें असें झालें. पुण्यांतील आमचें जुनें घर पाडून त्या जागीं सदनिका उभ्या राहावयाच्या आहेत. माळा रिकामा करतांना एका पत्र्याच्या पेटींत हा पट सांपडला. पट कापडी, त्याचीं चौसष्ट घरें सगळीं एकाच रंगाचीं. मोहरीं लाकडी, लाखेनें रंगविलेलीं, निम्मीं तांबडीं व निम्मीं हिरवीं. एक हिरवें प्यादें फार पूर्वींच हरवलें होतें व त्याच्या जागीं वडील सुपारी ठेवीत असत. ती सुपारीहि पेटींत होती. नव्या घरांत माळा नाहीं, आणि आमच्या मुलांस या पटाचा उपयोग शोभेच्या कपाटापलीकडे सुचेना. शोभेच्या कपाटांत ठेवलेला पट आमच्यानें पाहवला नसता.

वडील देशी पद्धतीनें खेळत. वाचकांपैकीं पुष्कळांनीं ती पाहिलीहि नसेल, म्हणून दोन शब्द सांगतों. देशी डावांत राजासमोर राजा नसतो; आपल्या राजासमोर प्रतिपक्षाचा वजीर असतो. प्यादें पहिल्या चालीसहि एकच घर चालतें. किल्लेकोट नाहीं, त्याऐवजीं राजाला, त्याला शह बसण्यापूर्वीं, एकदांच घोड्यासारखें अडीच घरें जातां येतें. प्यादें शेवटच्या घरीं पोहोंचलें कीं हवें तें मोहरें होत नाहीं, ज्या घरीं पोहोंचेल त्या घरचें मोहरें होतें. प्याद्यानें केलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही सर्वांत मानाची. आणि या सर्वांहून विलक्षण नियम हा कीं, प्रतिपक्षाचें शेवटचें मोहरें मारून त्याचा राजा अगदीं एकटा केला तर डाव जिंकला असें होत नाहीं. तो बरोबरींत सुटतो. त्यालाच बुर्जी म्हणतात. म्हणजे जिंकणाऱ्यानें शत्रूजवळ कांहींतरी राखून त्याच्यावर मात केली पाहिजे. वडिलांना हा नियम फार प्रिय होता. आम्हांस तो लहानपणीं अन्यायाचा वाटे, कारण आम्ही जिंकीत आलों कीं ते हटकून बुर्जी करून घेत.

ही पद्धत लोपली यांत नवल नाहीं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनीं संस्कृतांतील डाव इंग्रजींत आणून मुंबईस ग्रंथ छापविला तो १८१४ सालीं, आणि तेव्हांच ते युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेले होते. १९५५ सालीं एलुरू येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तींत रामचंद्र सप्रे व डी. व्यंकय्या हे जोडीनें विजयी झाले. ती आंतरराष्ट्रीय नियमांचीच. ज्या खेळास स्पर्धा नाहीं त्यास मुलें येणार कोठून? सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात; भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं १९४१ सालीं स्थापिलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळानें या गांवास तो लौकिक मिळवून दिला, आणि स्वाति घाटे यांच्यासारख्या खेळाडू याच गांवच्या. तेथें देशी डाव मांडणारा एकादा तरी वृद्ध असेल, एवढीच आमची आशा होती.

ती खरी ठरली. एका परिचितांनीं आम्हांस गांवभागांतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर नेलें. तेथें दहाबारा मंडळी रोज सायंकाळीं जमून खेळतात. नांवाची पाटीहि नाहीं. पूर्वीं ही बैठक तळमजल्यावर असे. परंतु २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें (धोक्याची पातळी ४५ फुटांची), तेव्हां पट, घड्याळें आणि कित्येक वर्षांच्या डावांच्या वह्या यांचा लगदा झाला. जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते. मंडळी त्या रेघेच्या वर राहावयास आली, इतकाच काय तो फरक. खेळ पाण्याची घाण काढून होतांच सुरू झाला असें कळलें.

आम्ही गेलों तेव्हां पांच पट मांडलेले होते. कोणी मान वर करून पाहिलें नाहीं, हें आम्हांस फार आवडलें. चहाचा पेला मात्र न मागतां हातीं आला. खिडकीपाशीं ऐंशी उलटलेले एक निवृत्त शिक्षक नुसते बसले होते. सर्वजण त्यांस अण्णा म्हणत. त्यांच्यापुढें पट होता, पण त्यावर वर्तमानपत्र पसरलेलें. त्यांचे जोडीदार, एक वकील, दर गुरुवारीं येत व दोघे देशी डाव खेळत. ते वकील गेल्या पावसाळ्यांत वारले. त्या गोष्टीस सहा महिने होत आले होते. शेजारीं अण्णांचा तेरा-चौदा वर्षांचा नातू भ्रमणध्वनीवर कोण्या परदेशस्थाशीं डाव खेळत होता.

आम्हीं पेटी उघडली. अण्णांनीं हिरवा वजीर उचलून चष्म्यापाशीं नेला, खालीं ठेवला आणि विचारलें, "देशी येतें आपल्याला?"

"वडिलांनीं शिकवलें होतें. पन्नास वर्षांत खेळलों नाहीं."

"मग बसा. हिरवीं आपलीं. आणि ही सुपारी?"

"तें प्यादें आहे."

"असूं दे," म्हणून त्यांनीं ती सुपारी आपल्या हातानें घरांत ठेविली.

डावाचें वर्णन करण्यांत हशील नाहीं. आम्ही वाईट खेळलों. विसाव्या चालीस वजीर गेला, तिसाव्याच्या आंत दोन्ही उंट. राजाचीं अडीच घरें आम्हीं नको त्या वेळीं खर्च केलीं. तरी एवढें सांगतों कीं, त्या तासाभरांत घर पाडण्याच्या कागदांची आम्हांस एकदांहि आठवण झाली नाहीं. नातू मधूनमधून डोकावे. घरें एकाच रंगाचीं असतांना उंटाची वाट कशी दिसते, हें त्याला कळेना. "तूं खेळत नाहींस का हें?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां तो सरळ म्हणाला, "आमचे सर नको म्हणतात. स्पर्धेंत हात चुकतो." त्याचें म्हणणें खरें होतें, आम्ही त्याच्या जागीं असतों तरी हेंच म्हटलें असतें.

शेवटीं आमच्याजवळ राजा व एक हत्ती राहिला, सुपारीसुद्धां गेली; अण्णांपाशीं घोडा, उंट आणि दोन प्यादीं. एका चालींत आमचा हत्ती त्यांच्या घोड्याच्या तोंडीं आला. अण्णांनीं तो मारला नाहीं.

"आजोबा, हत्ती फुकट आहे!" नातू ओरडला.

"दिसतोय. घेतला कीं बुर्जी."

नियम त्याला ठाऊक नव्हता. आम्हीं सांगितला. भ्रमणध्वनीवरचा डाव तसाच टाकून तो आमच्या खुर्चीमागें येऊन उभा राहिला आणि बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे हत्ती आपणहून दिला, तर आजोबांना तो घेतां येत नाहीं?"

अण्णांनीं वर पाहिलें.

"मी बसूं का?" नातवानें आम्हांस विचारलें. आम्ही उठलों.

त्यानें हत्ती उचलून थेट अण्णांच्या राजाच्या शेजारीं नेऊन ठेविला. शह. अण्णा सरकले. हत्ती पुन्हां शेजारीं. शह. असा तो फुकटचा हत्ती राजाच्या पाठीस लागला. मारील त्याचा डाव बुडे, न मारील त्यास पळावें लागे. इतर पटांवरचे खेळ थांबून सर्वजण भोंवतीं जमले. आठदहा शह झाले असतील. अखेर राजा पटाच्या कडेस आला. एका बाजूस त्याचाच उंट, पुढें त्याचेंच प्यादें, आणि हत्ती अगदीं अंगास लागून. पळावयास घर नव्हतें. अण्णांनीं खूप वेळ विचार केला, मग हत्ती मारून बाजूस ठेविला आणि म्हणाले, "बुर्जी. वकीलसाहेब वर्षांतून एकदां तरी मला असेंच रडवीत."

ते हंसत होते, पण उपरण्यानें चष्मा पुसावयास त्यांस जरा अधिकच वेळ लागला.

मिरजेहून आमची रात्रीची गाडी होती. आम्ही निघण्याची तयारी करूं लागलों तोंवर नातवानें मोहरीं पुन्हां मांडलींहि. संवयीनें त्यानें राजासमोर राजा ठेविला होता. अण्णांनीं न बोलतां आपला राजा व वजीर यांची अदलाबदल केली. सुपारी मुलानें आपल्याकडे घेतली.

"आपली पेटी," अण्णा म्हणाले.

आम्हीं ती खिडकीखालीं सरकवून ठेविली आणि जिना उतरलों.