पाथर्डीच्या वाटेवर इटली

वीकएंड म्हटला की पुणेकरांची गाडी लोणावळ्याकडे वळते. एकदा उलट्या दिशेला काढून बघा. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय बघायचं आणि तसंच पुढे पाथर्डी गाठायची. साधारण पन्नास किलोमीटर. तालुक्यात मढीचे कानिफनाथ, मोहट्याची देवी आणि नजर जाईल तिथवर माळरान. दसरा झाला की इथली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघतात. घर सोडून लांब जाणं या मातीला नवं नाही.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संगमनेरजवळ, निमज गाव आहे. तिथल्या शेतकरी घरातले नामदेव जाधव असेच लांब गेले, थेट इटलीला! मराठा लाइट इन्फंट्रीत ते शिपाई होते. काम कंपनी रनरचं, म्हणजे धावत निरोप पोचवायचे. वय २३. आपण या वयात पहिल्या पगाराचा मोबाइल घेतो.

९ एप्रिल १९४५. सेनियो नदीच्या पूर्व बांधावर हल्ला करताना त्यांच्यासोबतची तुकडी जवळजवळ संपली. जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणलं. मग पुन्हा जाऊन शत्रूच्या तीन मशिनगन बंद पाडल्या. हाताला गोळी लागली, तेव्हा बंदूक टाकून हातबॉम्ब फेकले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतलं युद्ध त्यानंतर २३ दिवसांत थांबलं.

आता खरा प्रश्न. पदक ब्रिटिशांचं, देश पारतंत्र्यात. मग या शौर्याचा अभिमान आपण बाळगायचा का? पाथर्डीच्या स्टँडवर चहा घेताना मी यावरच विचार करत होते. मला वाटतं, साम्राज्याचा हिशेब वेगळा मांडावा. तो मांडून झाल्यावरही ती दोन जखमी माणसं उरतातच. त्यांना वाचवायला जाधव गोळीबारातून गेले, ते काही राजासाठी नव्हे.

त्याच रेजिमेंटचे, माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीतच लढताना गेले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली तिथल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. परक्या गावानं नाव जपलं. आपण नगरच्या ट्रिपमध्ये निदान निमजची एक चक्कर जोडायला काय हरकत आहे?