थर्माकोलला पर्याय हवा, पण सादळणारा नको

१ जुलै २०२२ पासून देशभरात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली. सजावटीचा थर्माकोल त्या यादीत आहे, पॅकिंगचा नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मका किंवा टॅपिओकाच्या स्टार्चपासून केलेल्या फेसाची बातमी अधूनमधून येते आणि ‘पाण्यात विरघळणारा थर्माकोल’ म्हणून तिचे स्वागत होते. मी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली असून गुरुग्राममध्ये याच पदार्थावर काम करते. बातमीत सहसा न येणाऱ्या एका घटकाविषयी, म्हणजे प्लास्टिसायझरविषयी, इथे लिहीत आहे.

कोरडा स्टार्च तापवला तर तो वितळण्याआधीच जळू लागतो. त्याच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. पाणी किंवा ग्लिसरॉल यांचे लहान रेणू मध्ये शिरले की ती पकड सैल होते, साखळ्या सरकू लागतात आणि पदार्थाला आकार देता येतो. यंत्रात दाबाखाली असलेले पाणी तोंडाशी येताच वाफ होते आणि फेस फुगतो. चुरमुरा फुलतो तोही असाच.

अडचण नेमकी इथे आहे. फुगताना भिंती मऊ हव्यात, फुगून झाल्यावर ताठ. प्लास्टिसायझर जास्त झाला तर बुडबुडे खाली बसतात. फारच थोडा असेल, तर पदार्थ मऊ होण्याऐवजी उलट अधिक ठिसूळ होऊ शकतो. शिवाय पाणी हा असा प्लास्टिसायझर आहे की तो आपण घातला नाही तरी हवेतून येतोच. पावसाळ्यात पापड सादळतो तेव्हा हेच घडते: ओलाव्यामुळे त्याचे काच-संक्रमण तापमान खोलीच्या तापमानाखाली उतरते आणि कुरकुरीत पदार्थ चिवट होतो. ग्लिसरॉल तर स्वतःच ओलावा ओढून घेतो.

प्रयोगशाळेच्या कपाटातले आमचे तुकडे मे महिन्यातल्या कोरड्या लूमध्ये बोटाच्या दाबाने मोडतात आणि जुलैत तेच तुकडे दबले की दबलेलेच राहतात. पटौदी-बिलासपूर पट्ट्यातल्या गोदामांना हे दोन्ही ऋतू एकाच वर्षात सोसावे लागतात. त्यात काळाचा परिणाम वेगळाच. शिळी भाकरी जशी कडक होते, तशा स्टार्चच्या साखळ्या पुन्हा रांगेत येतात आणि फेस ठिसूळ होत जातो.

यावर उपाय आहेत. १९८९ मध्ये लाकूर्स आणि अल्तिएरी यांना अमेरिकेत जास्त अमायलोज असलेल्या स्टार्चच्या फेसाचे पेटंट मिळाले. स्टार्चमध्ये रासायनिक बदल करून फेस अधिक लवचीक करण्याची वाट त्यातून खुली झाली. सॉर्बिटॉल, सायट्रेट यांसारखे पर्यायी प्लास्टिसायझरही तपासले जातात. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे पीबीएटीसारखे, बहुधा पेट्रोलियमपासून बनणारे पण कंपोस्ट होणारे पॉलिस्टर मिसळणे. माल ओलाव्यात टिकतो, मात्र तो आता ‘पाण्यात विरघळणारा’ राहत नाही. पाकिटावरचा शब्द मात्र तोच असतो.

म्हणून या शब्दाची किंमत नीट ठरली पाहिजे. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आपल्याकडे भारतीय मानक १७०८८ आहे. त्यातल्या चाचणीत साधारण ५८ अंश सेल्सियसला, १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये व्हावे लागते. गुरुग्रामचा कचरा वर्षानुवर्षे बंधवाडीच्या ढिगावर साचत आला आहे. तिथे ५८ अंश तापमान कोणी राखत नाही. मार्च २०२४ च्या सुधारित नियमांनी जैवविघटनशील प्लास्टिकच्या व्याख्येत ठरावीक परिसराचा उल्लेख केला आणि सूक्ष्मप्लास्टिक मागे राहू नये अशी अट घातली, हे योग्यच झाले.

आता ग्राहकांनी आणि खरेदीदार कंपन्यांनीही तीन प्रश्न विचारावेत. हा पदार्थ कुठे विघटित होतो? किती दिवसांत? आणि त्यात स्टार्चखेरीज काय, किती प्रमाणात आहे? ग्लिसरॉल अन्नातही वापरतात, त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. पीव्हीसी मऊ करणाऱ्या काही थॅलेट संयुगांबद्दल असे म्हणता येत नाही. म्हणूनच ‘नैसर्गिक’ एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नये. घटकांची यादी मागावी. आम्हा संशोधकांनीही नमुना केवळ वातानुकूलित खोलीत न तपासता एक पावसाळा गोदामात ठेवून तपासावा आणि मगच त्याला पर्याय म्हणावे.